बाकावर बसणाऱ्यानं कोचबद्दल काय बोलावं?

पत्राचा गोषवारा: हे वाचक न्यू जर्सीत वाढले, आता टेक्ससमध्ये नोकरी करतात. वडिलांच्या नोकरीमुळे 1996 मध्ये पुण्याहून अमेरिकेत आले तेव्हा नववीत होते. आईवडिलांनी त्यांना मुलांच्या कॅथलिक हायस्कुलात घातलं. तिथे सकाळी धर्माचा तास घेणारे आणि दुपारी बेसबॉल शिकवणारे एक शिक्षक होते. सगळी शाळा त्यांना नुसतं ‘कोच’ म्हणायची. क्रिकेट खेळून आलेल्या या मुलाला बेसबॉल काही जमला नाही, पण कोचनी त्याला घरी पाठवलं नाही, स्कोअरबुक हातात दिलं. गेल्या महिन्यात कोच वारले. अंत्यविधी घरच्यांपुरता झाला. आता शाळेच्या चॅपेलमध्ये (शाळेच्या छोट्या चर्चमध्ये) त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा प्रार्थनाविधी, आहे, नंतर सगळे जिममध्ये जमणार आहेत, आणि तीन माजी विद्यार्थ्यांना बोलायला सांगितलंय. त्यातले एक हे. त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत थोडक्यात अशी: “कोचचं सगळं आयुष्य चर्चभोवती होतं. मी हिंदू. मी त्यावर काय बोलणार? बायको म्हणते, धर्म बाजूला ठेव, खेळावर बोल. पण खेळात तरी मी कोण? चार वर्षं बाकावर बसलो. माझ्याबरोबरची मुलं पुढे कॉलेजकडून खेळली, बोलायचा हक्क त्यांचा. त्यात माझा जवळचा मित्र यायलाच तयार नाही. त्याला संध्याकाळी वडिलांच्या पेट्रोल पंपावर काम करावं लागायचं, सराव बुडायचा, म्हणून कोचनी त्याला शेवटच्या वर्षी संघातून काढलं. तो म्हणतो, तू त्यांचे गोडवे गाणार असशील तर मला ऐकवू नकोस. ताई, मी सरळ नाही म्हणून मोकळा होऊ का?”

नाही म्हणू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचं पत्र वाचताना मला कुठेच असं वाटलं नाही की तुम्हाला बोलायचं नाहीये. बोलायची परवानगी आपल्याला आहे का, एवढंच तुम्ही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारताय.

आधी हक्काचं बघू. उत्तम खेळला त्यानं कोचबद्दल बोलावं, हे तुम्ही गृहीत धरलंय. मला तसं वाटत नाही. मैदानावरचा मुलगा त्याच्या चेंडूकडे बघत असतो. स्कोअर लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक चेंडू बघावा लागतो, आपल्या संघाचा आणि समोरच्याचाही, आणि तोही कोचच्या शेजारी बसून. तुम्हीच लिहिलंय की एकदा तुमच्या संघातल्या एकाचा जमिनीलगतचा फटका समोरच्या शॉर्टस्टॉपच्या (एका क्षेत्ररक्षकाच्या) हातातून निसटला आणि तुम्ही आपल्या मुलाला खूश करायला ‘हिट’ लिहिलंत. सामना संपल्यावर कोचनी वही मागितली, त्या चौकोनावर बोट ठेवलं, खोडरबर पुढे केला आणि ‘ई-6’ लिहायला लावलं. (बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: स्कोअरबुकात प्रत्येक जागेला आकडा असतो, शॉर्टस्टॉपचा 6. ‘ई-6’ म्हणजे चूक शॉर्टस्टॉपची, श्रेय फलंदाजाचं नाही.) स्वतःच्या संघातल्या मुलाचा हिट त्यांनी तुमच्याकडून खोडून घेतला. “जे झालं ते लिही” एवढंच म्हणाले. कॉलेजकडून खेळलेल्या मुलांपैकी कुणाकडे ही आठवण असेल असं वाटतं तुम्हाला?

‘मी त्यांच्यासारखा झालो नाही’ ही जी खंत तुमच्या पत्रात मधूनमधून डोकावते, तिच्याबद्दलही बोलते. बेसबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव बेब रूथ. 1902 मध्ये, सात वर्षांचा असताना, घरच्यांना आवरेना म्हणून त्याला बाल्टिमोरच्या सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये टाकलं. ती शाळा झेव्हेरियन ब्रदर्स (व्रतस्थ कॅथलिक शिक्षकांचा संघ) चालवायचे. तिथे ब्रदर मथायस नावाचे धिप्पाड ब्रदर होते. शिस्तीचं काम त्यांच्याकडे, आणि मोकळ्या वेळात ते पोरांना उंच उंच चेंडू मारून द्यायचे. ते बघूनच आपण फलंदाज झालो, असं रूथ पुढे सांगायचा. त्याची चालसुद्धा त्यांच्यासारखी झाली होती म्हणतात. 1914 मध्ये तो तिथून व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेला, जगभर गाजला. खाणंपिणं, पैसा, रात्रीची जागरणं, कशातच त्यानं ब्रदरांचा कित्ता गिरवला नाही. तरी आपल्या पाहण्यातला सगळ्यात थोर माणूस हाच, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि ते सांगायचा हक्क त्याला कुणी विचारला नाही. ब्रदर मथायस आज लोकांना ठाऊक आहेत ते त्या एका विद्यार्थ्यामुळे. तेव्हा शिक्षकाची आठवण सांगायला त्याच्यासारखं व्हावं लागतं, ही अट तुम्ही स्वतःच स्वतःवर घातलीय.

आता धर्माचं. तुमच्या पत्नीचा हेतू मला समजतो. परक्या माणसानं दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोलताना पाय घसरू नये, एवढीच त्यांची काळजी. पण धर्म बाजूला ठेवला तर कोच उरतात किती? रोज सकाळी साडेसहाच्या मिस्सेला जाऊन मग शाळेत येणारा माणूस. सामन्याआधी फाऊल लाइनवर मुलांना ओळीनं उभं करून ‘हेल मेरी’ ही मेरीमातेची प्रार्थना म्हणणारा आणि शेवटी ‘अवर लेडी ऑफ व्हिक्टरी, प्रे फॉर अस’. पहिल्या आठवड्यात तुम्ही ओळीच्या बाहेर थांबलात, तर म्हणाले, “आमच्यात उभा राहा. मनात काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.” हे धर्म वगळून कसं सांगणार? आणि सांगितलंत तर त्यातला माणूस कुठे राहील?

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही कंसात, ओझरती लिहिलीय, म्हणून इथे मुद्दाम मोठी करून सांगते. ईस्टरच्या आधी लेंट असतो, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यातल्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत. बेसबॉलचा सराव सुरू होतो तो नेमका याच दिवसांत. त्यामुळे शुक्रवारी मैदानावरून परतल्यावर कोच सगळ्यांसाठी नुसत्या चीजचा पिझ्झा मागवायचे. पेपरोनी (मांसाचे काप) नाही म्हणून बाकी पोरं कुरकुरायची, आणि पुण्याहून आलेला एक शाकाहारी मुलगा कुणाला काही न सांगता, काही न निवडता, पोटभर जेवायचा. ईस्टर झाला, पेपरोनी परत आली. पुढच्या शुक्रवारी खोक्यांच्या चळतीत सगळ्यात वर एक साध्या चीजचं खोकं होतं. त्यावर कोचनी काही लिहिलं नव्हतं आणि ते काही बोललेही नव्हते. तुम्ही शाळा सोडेपर्यंत ते खोकं येत राहिलं.

हे सांगा. जसंच्या तसं. त्यांचा उपवास आणि तुमचं शाकाहारी असणं ही दोन वेगळी कारणं होती, आणि त्यांनी दोन्ही नीट ओळखली होती. स्वतःचा नेम इतका मनापासून पाळणाऱ्या माणसालाच दुसऱ्याचा नेम पटकन दिसतो, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर तुमचं सांगा. पण या गोष्टीत त्यांची भक्ती आहे, कोचिंग आहे, तुम्ही आहात, आणि यातलं काही वेगळं काढायची गरज नाही.

एक वाक्य मात्र टाळा, आणि हे मी ठामपणे सांगते: “शेवटी सगळे धर्म एकच शिकवतात.” आपल्याकडे हे वाक्य चांगल्या मनानं म्हटलं जातं, सभेत टाळ्याही मिळतात. पण जो माणूस बर्फात गाडी काढून रोज एका विशिष्ट चर्चमध्ये जायचा, त्याच्या माणसांसमोर हे म्हटलं की त्याच्या त्या रोजच्या जाण्याला काही अर्थच उरत नाही. ‘गुरुर्ब्रह्मा’सुद्धा राहू द्या. श्लोक सुंदर आहे, पण तो कुठल्याही शिक्षकाला लागू पडतो. तुम्हाला या एका शिक्षकाबद्दल बोलायचंय. “त्यांची श्रद्धा माझी नव्हती, पण मी ती रोज जवळून पाहिली” एवढं म्हटलंत तरी पुरे.

कॅथलिक आणि बेसबॉल हे नातं तुमच्या कोचनी शोधलेलं नव्हतं, तेही लक्षात घ्या. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा गिल हॉजेस हा मोठा श्रद्धाळू माणूस. 1952 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाच्या अंतिम लढतीत) त्याला 21 प्रयत्नांत एकही हिट मिळाला नाही, आणि पुढच्या मोसमातही सुरुवात तशीच झाली. 1953 च्या मे महिन्यात ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये फादरांनी भाविकांना सांगितलं की आज प्रवचनाला फार उकडतंय, घरी जा, आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. हॉजेस पुढे सावरला. ही हकिगत त्या पिढीतल्या कॅथलिक घरांमध्ये अजून सांगतात. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला मैदान आणि चॅपेल या दोन वेगळ्या जागा वाटतच नसणार.

आणि तुम्ही ‘पाहुणा’ हा शब्द स्वतःसाठी वापरलाय, त्याचं मला नवल वाटलं. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळा उभ्या राहिल्या त्याच मुळी बाहेरून आलेल्यांच्या पोरांसाठी. आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश कुटुंबं गोदीत, गिरण्यांत राबत होती, त्यांच्याकडे संशयानं बघितलं जात होतं. 1884 मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक पॅरिशनं (एका चर्चच्या वस्तीनं) आपली शाळा काढावी असं ठरलं. 1960 च्या दशकात या शाळांत 50 लाखांहून जास्त मुलं होती. आज ती साधारण 17 लाखांवर आली आहेत, आणि त्यातलं जवळपास प्रत्येक पाचवं मूल कॅथलिक नाही. पूर्वी सिस्टर आणि ब्रदर शिकवायचे, आता जवळजवळ सगळे शिक्षक तुमच्या कोचसारखे संसारी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी सरकारी शाळेपेक्षा कमी पगारावर. पुण्याहून आलेल्या तुमच्या वडिलांनी मुलाला ‘फादरांच्या शाळेत’ घातलं, तेव्हा त्यांनी तेच केलं जे शंभर वर्षांपूर्वी तिथे उतरलेल्या बापांनी केलं होतं. तुम्ही त्या शाळेतले पाहुणे नव्हता. ती तुमच्यासारख्यांसाठीच होती.

राहिला तुमचा मित्र. हा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि इथे मला तुमची एक समजूत जरा हलवायची आहे. तुम्ही धरून चाललाय की अशा दिवशी फक्त चांगलंच बोलायचं असतं, त्यामुळे मित्राची बाजू घ्यायची म्हणजे गप्प बसायचं. पण ज्या मिस्सेला तुम्ही जाताय, ती तसं मानत नाही. कॅथलिक मिस्सेत मेलेल्या माणसाचं कौतुक हा मुख्य विषयच नसतो. त्याच्या पापांची क्षमा व्हावी, देवानं त्याला जवळ घ्यावं, अशी प्रार्थना असते. अंत्यविधीच्या मिस्सेतलं प्रवचन म्हणजे मृताची स्तुती असू नये, हे चर्चच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. रोज मिस्सेला जाणाऱ्या कोचसाठीही क्षमाच मागितली जाणार, आणि ती मागितली जावी अशी त्यांचीही इच्छा असणार. त्यांच्या श्रद्धेनं त्यांना निर्दोष मानलेलं नाही. तुम्हीही तसं मानायची गरज नाही.

मित्राचं म्हणणं खरं आहे, असं मला वाटतं. ‘सराव नाही तर सामना नाही’ हा नियम कोचनी सगळ्यांना सारखा लावला असेल, पण ज्याला संध्याकाळी पंपावर उभं राहायचंय आणि ज्याला नाही, त्यांना तो सारखा बसत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला शेवटच्या वर्षी संघातून काढणं ही लहान गोष्ट नव्हे. मग भाषणात हे आणायचं का? मी तीन वाटा बघते. एक, ती गोष्ट सांगायची, नाव न घेता. पण ती जखम त्याची आहे, आणि त्याच्या पाठीमागे, माइकवरून, कोचच्या पत्नीसमोर ती उघडी करणं मला बरोबर वाटत नाही. त्यानं स्वतः ‘सांग’ म्हटलं तरच. दोन, काहीच न बोलता ‘कोच सगळ्यांचे लाडके होते’ अशी वाक्यं टाकायची. हे तर नकोच, कारण ते खरं नाही आणि तुमच्या मित्राला ते कुठूनतरी कळणारच. तिसरी वाट मला पटते: तुमच्यापुरतं बोला. “ते कडक होते. त्यांचे नियम काही जणांना फार लागले, हे मला माहीत आहे. मला ते असे दिसले.” एवढं म्हणून पिझ्झ्यावर या. ई-6 ची गोष्टही आधी सांगितली असेल तर बहुतेकांना कळेल की तुम्ही काही झाकत नाही आहात. ज्यांनी तुम्हाला आपल्याच मुलाचा हिट खोडायला लावला, त्यांच्याबद्दल गुळगुळीत बोललात तर ते त्यांनाच रुचलं नसतं.

मित्राला आणण्यासाठी गळ घालू नका. पण जायच्या आधी त्याला फोन करा आणि तुम्ही काय बोलणार आहात ते त्याला आधी वाचून दाखवा. त्याची परवानगी मागायला नव्हे. तुमच्या तोंडून काय जाणार आहे हे त्याला तिऱ्हाइताकडून कळू नये, म्हणून. त्यावर तो रागावला तर ऐकून घ्या. इतक्या वर्षांत त्याचं कुणी नीट ऐकून घेतलंय का, हेही विचारा.

आता व्यवहाराच्या गोष्टी. अशी पत्रं मला अधूनमधून येतात, कॅथलिक शिक्षक, शेजारी, ऑफिसातले सहकारी गेल्यावर काय करावं म्हणून, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे, बोलायचं नेमकं कुठे आहे ते आयोजकांना विचारा. चॅपेलमध्ये मिस्सेच्या वेळी, की नंतर जिममध्ये? मिस्सेत असेल तर बहुधा कम्युनियन (पवित्र भाकर देण्याचा विधी) झाल्यावरच्या प्रार्थनेनंतर दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि काही ठिकाणी मजकूर आधी फादरांना दाखवावा लागतो. प्रत्येक डायसिसची (बिशपच्या अधिकारातल्या प्रदेशाची) पद्धत वेगळी असते. नेवार्कच्या आर्चबिशपनी तर 2003 मध्ये अंत्यविधीच्या मिस्सेतली अशी भाषणं बंदच केली होती. जिममध्ये असेल तर मोकळीक जास्त, पण तरी चार मिनिटांच्या वर जाऊ नका. कागदावर लिहून न्या. आवाज भरून येतो तेव्हा फोनच्या पडद्यावरचं काही दिसत नाही.

कम्युनियनच्या वेळी सगळे रांगेनं पुढे जातील. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणं हा अपमान, त्यामुळे आपली माणसं भिडेखातर रांगेत उभी राहतात आणि हात पुढे करतात. इथे उलट आहे. ती पवित्र भाकर फक्त कॅथलिकांनी घ्यायची असते, त्यांच्या दृष्टीनं ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे. तुम्ही बाकावरच बसून राहिलात तर कुणालाही काही वाटत नाही. पुढे जावंसंच वाटलं तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फादर मग नुसता आशीर्वाद देतात. इतर वेळी सगळे उभे राहिले की उभं राहायचं. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही, बसून राहा. प्रार्थना पाठ नसल्या तर शांत उभं राहणं पुरतं. ते तर तुम्ही चार वर्षं केलंयच. कपडे गडद रंगाचे घाला. आपल्यासारखा पांढरा तिथे दुखवट्याचा रंग नाही.

फुलांऐवजी काहीतरी करायचं असेल तर त्यांच्या नावानं मिस्सा सांगा. कुठल्याही पॅरिशच्या ऑफिसात जाऊन मृताचं नाव दिलं की ठरलेल्या दिवशी त्याच्यासाठी मिस्सा होते. साधारण 10 डॉलर देण्याची रीत आहे, आणि सांगणारा कॅथलिक असायला लागत नाही. ते एक कार्ड देतात, ते कोचच्या पत्नीला पाठवा. हिंदू विद्यार्थ्यानं मिस्सा सांगितली याचा त्यांना केवढा आधार वाटेल, ते तुम्हाला तिथे गेल्यावरच कळेल. वसई, गोवा किंवा पुण्यातल्या वाचकांनाही हे लागू आहे. आपल्याकडे मृत्यूनंतर महिन्यानं होणाऱ्या मिस्सेला जाता आलं तरी खूप झालं. आणि 2 नोव्हेंबर हा सगळ्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या महिन्यात बऱ्याच चर्चमध्ये एक वही ठेवतात, त्यात आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायची असतात. शिक्षकाचं नाव तिथे लिहायला काहीच हरकत नाही.

ज्यांना बोलायचं नाही, किंवा विमानानं जाणं परवडत नाही, त्यांनी पत्र लिहावं. हातानं, एक पान. ‘फार थोर होते’ असं नको, घरच्यांना माहीत नसलेली एक गोष्ट लिहा. शिक्षकाच्या घरच्यांना त्याचं शाळेतलं आयुष्य फार थोडं ठाऊक असतं. संध्याकाळी जेवायला उशीर होतो, एवढंच त्यांच्या वाट्याला आलेलं असतं. शुक्रवारच्या त्या खोक्याबद्दल कोचच्या पत्नीला कदाचित माहीतच नसेल.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घराच्या तळघरात आईवडिलांनी तुमच्या शाळेच्या वस्तू ठेवल्यात, असं तुम्ही लिहिलंय. त्यात एखादं जुनं स्कोअरबुक सापडतं का बघायला सांगा. सापडलं तर एका पानाची प्रत काढून शाळा जे स्मरणाचं पुस्तक करतेय त्यात द्या. शिक्षकांनी दुरुस्त करायला लावलेलं पान असेल तर तेच द्या. मूळ वही मात्र देऊन टाकू नका, तुमच्या मुलाला एक दिवस ती बघायची असेल.

आणि तारीख जवळ आलीय, म्हणून हे उद्यावर टाकू नका: आज आयोजकांना ‘हो’ कळवा, त्याच फोनवर जागा आणि वेळ विचारून घ्या, आणि मित्राला रविवारी फोन करा, पंप बंद झाल्यावर. तो अजून तिथेच काम बघतो, असं तुम्ही लिहिलंय.